‘शाळा लांब हाय’ म्हणायला मीच शिकवलं

मंदा,

तुझ्या केंद्रातल्या ग्रंथालयाच्या बाईंनी मला दहा कोरे कागद दिले आणि म्हणाल्या, “आजी, मंदाताईंबद्दल लिहून द्या. आम्ही सगळ्यांचं मिळून एक पुस्तक काढतोय. चांगलं लिहा हं.” मी कागद पिशवीत घातले आणि एस.टी.त बसले. महाडहून पोलादपूर येईपर्यंत ते ‘चांगलं लिहा’ काही डोक्यातून जाईना. वाडीतल्या बायकांना मीही हेच सांगितलं होतं, चांगलं सांगा हं. त्यापायी तुझं पाऊण वर्ष वाया गेलं.

म्हणून मी चांगलं लिहिणार नाही. झालं तसं लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, तिलाही साठ वर्षं होत आली. ऱ्हस्व दीर्घ चुकेल. तू असतीस तर लाल पेन घेऊन शेजारी बसली असतीस.

तुझ्या तेराव्याला आलेली माणसं तू किती गरीब स्वभावाची होतीस ते सांगत होती. मी ऐकून घेतलं. तू गरीब स्वभावाची नव्हतीस. हट्टी होतीस. चहा उकळून उकळून कडू करायचीस. आणि समोरचं माणूस बोलत असलं की त्याचं वाक्य तूच पुरं करायचीस, सगळ्या मास्तरणींना असते तशी सवय. ही सवय तुझी केंद्रातल्या सरांनी सोडवली, तीही साठीला आल्यावर. तेवढ्यासाठी त्या माणसाला मी मानते.

मी लग्न होऊन कापडे गावच्या या घरात आले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि तू आठ वर्षांची. माझ्या नवऱ्याची सगळ्यात धाकटी बहीण. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, नणंदेला वन्सं म्हणायचं आणि अहो म्हणायचं. मग मी त्या शेंबड्या पोरीला “वन्सं, जेवायला या” म्हणायची. तुला ते फार आवडायचं. पहिल्या हाकेला ऐकलं तरी यायची नाहीस, दुसरी मारायला लावायचीस. पुढे महाडला नोकरीत स्थिर झाल्यावर तूच म्हणालीस, “पुरे झालं ते वन्सं. मंदा म्हण गो.” म्हणायला लागले. तरी तू गेल्याचं तुझ्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा तोंडातून वन्सं असंच आलं.

तू निवृत्त झालीस आणि महिन्याभरात कापड्याला येऊन सांगितलंस की एम.ए.ला नाव घातलं, शिक्षणशास्त्रात. मी तांदूळ निवडत होते.

“आता? आता कोण तुला बढती देणार हाय?”

“बढतीला काय करायचीय? चौतीस वर्षं हजेरी मांडली मी. पोरीचं नाव असायचं, मग नावापुढे गैरहजर यायला लागायचं, मग पुढच्या वर्षी नावच नसायचं. मी कधी विचारलं नाय का म्हणून. पुढचं नाव घ्यायची.”

“आता विचारून काय? त्या पोरी आज्या व्हायला आल्या.”

“तरी विचारणार.”

यावरून आपण भांडलो आणि ते भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे, सुखाने घरात बस. तू म्हणायचीस, घरात बसून सुख कुठाय. अजूनही मला वाटतं, केंद्राच्या त्या जिन्याच्या चढउतारात तू दमलीस. डॉक्टर म्हणाले त्याचा काही संबंध नाही. असू दे.

ते केंद्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. विद्यापीठाचं संशोधन केंद्र, असा एवढा मोठा फलक, म्हटलं आत काय काय असेल. तर कॉलेजच्या मागच्या इमारतीत वर दोन खोल्या. एका खोलीत लांब टेबल, दुसरीत काचेची कपाटं आणि त्यात काळ्या कापडी पुठ्ठ्याचे जाड प्रबंध. शनिवारी शाळा सकाळच्या असतात, त्यामुळे दुपारी सगळे तिथे जमायचे. महाडचे, पोलादपूरचे शिक्षक, दोघीतिघी नवीन मुली, आणि त्यांच्यात तू, सगळ्यांच्या आईच्या वयाची. डबे खायचे आणि मग ज्याने जे केलं ते त्याने उभं राहून वाचायचं. बाकीच्यांनी त्यातलं चुकलेलं दाखवायचं. ही तिथली पद्धत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणारी माणसं तिथे आपली वही तपासून घ्यायला यायची.

पहिले काही शनिवार तू तिथून यायचीस ते तोंड पाडून. एकदा मी तुझ्याकडे राहायला आले होते, तेव्हा विचारलं.

“काय झालं?”

“माझे तीन प्रश्न काढून टाकले.”

“का?”

“प्रश्नातच उत्तर हाय म्हणे. मुलीने शिकावं असं तुम्हाला वाटतं का, असं विचारल्यावर नको कोण म्हणणार?”

“बरोबर हाय की मग त्यांचं.”

“तू गप बस वैनी. तुला काय कळतं त्यातलं.”

दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी प्रश्न बदललेस.

पण तिथल्या माणसांनी तुला सांभाळलंही. ग्रंथालयाच्या बाईंनी खिडकीकडची खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवली, तुला दुसरीकडे बारीक अक्षर दिसत नव्हतं म्हणून. जुने प्रबंध काढून द्यायच्या आणि म्हणायच्या, आधी दुसऱ्यांच्या चुका वाचून घ्या, मग आपल्या करा. बिरवाडीच्या त्या तरुण शिक्षिकेने तुला संगणकावर मराठी टाईप करायला शिकवलं. तू तिला ताई म्हणायचीस. मी विचारलं, नातीएवढी पोर, तिला ताई काय? तू म्हणालीस, शिकवते ना.

आता माझ्या करणीकडे येते.

सरांनी तुझे प्रश्न पसंत केले, कागद छापून झाले आणि तू कापड्याला आलीस. आपल्या वाड्यांमधल्या चाळीस घरांत जाऊन बायकांना विचारायचं होतं, मुलीला शाळेतून काढली असेल तर कशासाठी. मी म्हटलं, बायका माझ्या ओळखीच्या, मी बरोबर येते. तू खूश झालीस. मी काय केलं, तर आदल्या दिवशी एकटीच निघाले आणि दोन्ही वाड्या फिरून आले. प्रत्येक घरी सांगितलं, उद्या आमची मंदाबाय कागद घेऊन येणार हाय, विद्यापीठाचं काम हाय, चांगलं सांगा. घरातलं काय बोलू नका, शाळेला नावं ठेवू नका.

“मग सांगू काय?” एकीने विचारलं.

मलाही पटकन सुचेना. म्हटलं, “सांग, शाळा लांब हाय.”

मला वाटलं, यात कोणाची अब्रू जात नाही. घराची नाही, मास्तरांची नाही, तुझी तर नाहीच. आणि खरं लिहायचं तर मला मिरवायचंही होतं. माझी नणंद विद्यापीठात जाते आणि मी तिच्या कामाची, हे घरोघर कळलं पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवसापासून आपण फिरलो. चार दिवसांत चाळीस कागद भरले. तू म्हणालीस, “वैनी, तुझ्यामुळे झालं गो.” मी चहा टाकायला उठले.

शनिवारी केंद्रात काय झालं ते तू मला नंतर सांगितलंस. सर एकेक कागद उलटत गेले, मग एक बाजूला काढला.

“मंदाताई, खालच्या वाडीची शाळा कुठे आहे?”

“देवळाच्या मागे.”

“आणि या बाई राहतात कुठे?”

“देवळाच्या पुढे.”

“मग यांना लांब म्हणजे किती लांब?”

सगळे हसले म्हणे. तूही हसलीस. मग तू चाळीस कागद पुन्हा पाहिलेस आणि हसायची थांबलीस. रविवारी सकाळच्या गाडीने कापड्याला आलीस. चप्पल न काढता पडवीत उभी राहून विचारलंस.

“वैनी, माझ्या अगोदर तू जाऊन आलेलीस काय?”

“कुठे?”

“कुठे ते तुला ठाव हाय.”

मी सांगितलं. तू खाली बसलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

“चाळीस बायकांकडून तू मला तुझंच उत्तर आणून दिलंस.”

“मग काय बिघडलं? तसंच दे. कोण येतंय बघायला?”

“सरांनी बघितलं. आता मी पण बघितलं.”

पाणीसुद्धा न पिता परत गेलीस. मला वाटलं, आता हिचं सगळं बुडालं, आणि ते माझ्या हाताने. दहा बारा दिवस तू फोन घेतला नाहीस. आणि मग तुझा नाही, सरांचा फोन आला. मी हात पुसून उभीच राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मला बोलणार. ते म्हणाले, “आजी, या शनिवारी केंद्रात याल का? बायका कागद बघून खोटं का बोलतात, हे आमच्या मुलांना समजत नाही. तुम्हाला समजतं.”

आले मी. टेबलाभोवती सगळे शिकलेले आणि मी मधल्या खुर्चीत. तू लांब कोपऱ्यात, माझ्याकडे न बघता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पेन काढलंत की बाईला तलाठी आठवतो, पोलीस आठवतो. तिचं बोलणं कागदावर चढलं की ते तिच्या हातातून गेलं, कुठे जाऊन कोणापुढे वाचलं जाईल तिला माहीत नाही. नवरा मुंबईला आहे, गावात सासू आहे, जाऊ आहे. खरं बोलून तिला काय मिळणार? खोटं बोलली तर तुम्ही तरी चहा पिऊन जाल. सगळे लिहून घेत होते. मी म्हटलं, हे बघा, आता तुम्ही लिहिताय तर मीसुद्धा जपून बोलत्ये. सर हसले आणि पेन खाली ठेवलं. मग सगळ्यांनी ठेवली.

त्या दिवशी ठरलं की तू पुन्हा जायचं, कागद घरी ठेवून. अर्ज करून सरांनी तुझी मुदत वाढवून घेतली. आणि म्हणाले, पहिल्या वेळी कसं फसलं तेही प्रबंधात लिहा, पुढे करणाऱ्यांना उपयोगी पडेल. जिना उतरताना तू माझा हात धरलास. माफ केलंस की मी पडेन म्हणून धरलास, ते मी विचारलं नाही.

मग थंडीत, वाल सोलायच्या दिवसांत, तू वाड्यांवर जायला लागलीस. बायकांच्या घोळक्यात बसायचीस, त्यांच्यासारख्या शेंगा सोलायचीस आणि गप्प राहायचीस. तू गप्प बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. घरी आल्यावर आठवेल तसं वहीत उतरवायचीस. आणि बायका बोलल्या. एकीने मुलीला मुंबईला दिराच्या घरी धाडली होती, त्याचं तान्हं सांभाळायला. एकीची मोठी झाली आणि शाळेत आडोसा नव्हता. एकीने सांगितलं, वाटेवर पोरं बोलतात, आणि पोरं घरातलीच होती, चुलत्याची.

वरच्या वाडीतली सुगंधा सगळ्यात शेवटी बोलली. तू मध्ये तीन वर्षं कापड्याच्या शाळेत होतीस तेव्हा तिची मुलगी तुझ्या वर्गात होती.

“मंदाबाय, खरं सांगू? राग नाय ना येणार?”

“सांग.”

“तुम्ही तिला फळ्यापाशी उभी केलीत आणि म्हणालात, हिच्या डोक्यात दगड भरलेत. सगळी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी ती जाईना. मारली तरी जाईना.”

तुझे हात थांबले. तू म्हणालीस, “मला आठवत नाय.” सुगंधा म्हणाली, “तिला आठवतं.” आणि शेंगा सोलत राहिली.

परत येताना तू चढणीवर दोनदा थांबलीस. मी म्हटलं, एवढं एक घर सोड, एकोणचाळीस पुरे झाली. तू पुढे चालायला लागलीस. पुढच्या शनिवारी तू केंद्रात उभी राहून ते वाचलंस. एका शिक्षिकेच्या बोलण्यामुळे, एवढं लिहून भागलं असतं. तू लिहिलं होतंस, ती शिक्षिका मी. बिरवाडीची ताई म्हणाली, नाव नको घालू या. सरांनी तुला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तू म्हणालीस, राहू दे. मला हे तू सांगितलं नाहीस. तुझ्या तेराव्याला ताईने सांगितलं.

चाळीस घरं झाली आणि तू एक्केचाळिसावा कागद माझ्यापुढे ठेवलास. “आता तुझा. तू पण एका मुलीला शाळेत धाडलीस, मला. का ते सांग.”

“माझं काय त्यात. मी काय तुझी आई?”

“आईने काढली असती. तू धाडलीस. का?”

“पुढच्या खेपेला बघू.”

तू दर खेपेला विचारलंस. मी दर खेपेला काहीतरी काम काढलं. शेवटी दवाखान्यातही, नाकाला नळी लावलेली असताना, तू म्हणालीस, “वैनी, तुझा कागद राहिला.” मी म्हटलं, “आधी बरी हो.” त्यानंतर आपण बोललो नाही.

प्रबंध तू देऊन ठेवला होतास. तोंडी परीक्षा तेवढी राहिली. सर तेराव्यानंतर काळ्या पुठ्ठ्याची एक प्रत घेऊन कापड्याला आले. मी विचारलं, हिला पदवी मिळणार काय? ते म्हणाले, “विद्यापीठाला विचारलं आहे आजी. तुम्हाला खोटं सांगत नाही, बहुतेक नाही मिळणार. पण एक प्रत केंद्राच्या कपाटात राहील. नवीन येणाऱ्याला मी आधी तीच वाचायला देणार.” मला रडवणारं बोलायचं त्यांच्या मनात नसावं.

मी तो प्रबंध वाचत्ये. दिवसाला दोन पानं होतात. पुष्कळ शब्द कळत नाहीत. पण सुरुवातीचं आभाराचं पान कळलं. सरांचे, ग्रंथालयाच्या बाईंचे, टाईप शिकवणाऱ्या ताईचे आभार. आणि खाली, माझ्या वहिनीने स्वतःचं शिक्षण चौथीत थांबलेलं असताना मायेने मला शाळेत पाठवलं, तिचे ऋण. ते मी तीनदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

सुगंधाचं तू लिहू शकलीस. मग मलाही लिहायला हवं.

तू चौथी झालीस तेव्हा सासूबाई तुला काढणार होत्या, गुरं राखायला. मी म्हटलं, गुरं मी नेते, वन्संना जाऊ दे. घरात सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. तुलाही वाटलं, जन्मभर वाटलं. मंदा, त्यात माया नव्हती. तू चुगलखोर पोर होतीस. मी गुळाचा खडा तोंडात टाकला, माहेरच्या माणसाशी दोन शब्द जास्त बोलले, दुपारी पाठ टेकली, सगळं तू सासूबाईंच्या कानात नेऊन घालायचीस. तू दिवसभर घराबाहेर असावीस एवढंच मला हवं होतं. पाचवीची शाळा तेव्हा डोंगर उतरून होती. उजाडता निघालीस तर दिवस मावळताना परत. म्हणून तर मी तुझ्यासाठी भांडले. शाळा लांब होती, म्हणून धाडलं.

वर्षभर तसंच चाललं. तू यायचीस, पाय धुवायचीस आणि चुलीपाशी बसून आज काय शिकवलं ते बडबडायचीस. समुद्राचं पाणी खारट का. पृथ्वी फिरते तर आपण पडत का नाही. मी भाकऱ्या थापायचे आणि वाटायचं, ही गप्प कधी बसेल. सहावीत तुला ताप आला आणि आठ दिवस तू शाळेत गेली नाहीस. नवव्या दिवशी भाकरी थापताना माझ्या ध्यानात आलं की आठ दिवस मला कोणी काही सांगितलेलं नाही. दहाव्या दिवशी मी तुला उठवून, तेल लावून वेणी घातली आणि वाटेला लावली. सासूबाई म्हणाल्या, अजून अंगात ताप हाय तिच्या. मी म्हटलं, शाळेत उतरेल.

त्यानंतर तुला का धाडत राहिले, ते तुला सांगायचं राहिलं.

तुझा एक्केचाळिसावा कागद समोर आहे. नाव, वय आणि गाव मी भरलं. शिक्षणापुढे चौथी लिहिलं. खाली कारणासाठी ज्या चार रेघा आहेत त्यात हे एवढं मावत नाही, म्हणून या दहा कागदांवर लिहिलं. दोन्ही एकत्र टाचून येत्या शनिवारी, सगळे डबे खाऊन बसले की, मी केंद्रात नेऊन देणार आहे. जिना चढायला मला वेळ लागेल.

सरांनी कागद उलटून पाहिला तर पाहू दे. हे उत्तर मला कोणी आदल्या दिवशी येऊन शिकवलेलं नाही.